परदेशातून टपालाने सिगार मागवताय? आधी कस्टम्सचा हिशेब मांडा

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

गेले काही महिने ओळखीतली शौकीन मंडळी एकच प्रश्न घेऊन येतात. परदेशी साइटवर सिगारचा बॉक्स इथल्यापेक्षा बराच स्वस्त दिसतो, मागवू का? मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या आयात-निर्यातीची कागदपत्रं बघतो. बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्सकडचा अर्ज), एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक), ड्युटीचं चलन हा रोजचा उद्योग आहे. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो.

परदेशातून पोस्टाने कोल्हापूरला येणारं पार्सल आधी मुंबईत उतरतं. बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेशी टपाल कार्यालयात कस्टम्सचे अधिकारी बसतात. पाठवणाऱ्याने चिकटवलेला फॉर्म (छोट्या पाकिटाला सीएन २२, मोठ्याला सीएन २३) ते बघतात, संशय आला तर पार्सल उघडतात, ड्युटी ठरवतात, मग ते पुढे रवाना होतं. आपल्याकडे रमणमळ्यातल्या मुख्य टपाल कार्यालयातून पोस्टमन दारात येतो तेव्हा ड्युटीची रक्कम त्याच्याकडे भरायची आणि पावती घ्यायची. कुरिअरने आलं तर कस्टम्सची कागदपत्रं कुरिअर कंपनी भरते आणि तुमच्याकडून केवायसी, बिल, पैसे भरल्याचा पुरावा मागते.

आता पैशाचं. सगळ्यात मोठा गैरसमज असा की ड्युटी फक्त मालाच्या किमतीवर लागते. तसं नाही. मालाची किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागते. वाहतूक खर्च किती ते कागदावर कळत नसेल तर मालाच्या किमतीच्या २० टक्के धरतात, आणि विमा कळत नसेल तर १.१२५ टक्के. रुपयाचा दरही गुगलवरचा चालत नाही. कस्टम्स स्वतः जाहीर करतं तोच धरायचा.

उदाहरण घ्या. बॉक्स १०,००० रुपयांचा, वाहतूक २,०००, विमा ११२. झाले १२,११२. सिगारचा एचएस कोड २४०२ १० ने सुरू होतो, त्याचा मूळ सीमाशुल्काचा दर त्या दिवशीच्या तक्त्यात बघायचा. हिशेब समजावा म्हणून इथे ३० टक्के धरतो. त्याचे ३,६३४. त्या रकमेवर समाजकल्याण अधिभार १० टक्के, म्हणजे ३६३. बेरीज १६,१०९. यावर जीएसटी. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेत तंबाखूसाठी ४० टक्क्यांचा टप्पा ठरला आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून तो सिगारला लागू झाला. म्हणजे आणखी ६,४४४. एकूण २२,५५३.

आणि हे इथे संपत नाही. देशात बनलेल्या सिगारवर जेवढं उत्पादन शुल्क असतं तेवढं आयात मालावर अतिरिक्त सीमाशुल्क म्हणून येतं, आणि त्याच १ फेब्रुवारीपासून तंबाखूवरचं उत्पादन शुल्कही नव्याने बसलं आहे. राष्ट्रीय आपत्ती शुल्क वेगळं. या रकमाही जीएसटी काढायच्या आधीच बेरजेत जातात. कार्डावर बँक परकीय चलनाचं शुल्क कापते ते निराळंच. साइटवरचा १०,००० चा बॉक्स अडीचपट किमतीला पडला तरी आश्चर्य वाटू देऊ नका.

एवढं करून पार्सल सुटेलच याची हमी नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तंबाखू हा कस्टम्सच्या डोळ्यात भरणारा माल आहे. म्हणून माझं स्पष्ट मत: सिगारसाठी टपाल हा रस्ता धरूच नये. पण ज्यांना धरायचाच आहे त्यांनी काय करावं आणि काय अजिबात करू नये, ते विचारा, माहीत आहे तेवढं सांगतो.

उत्तरेश्वराचा भावा

दादा, एक नंबर लिहिलंयसा. एवढं फोडून कुणी सांगत नाही. माझा प्रश्न असा. मावसभाऊ जर्मनीत असतोय. आमच्या काकांची पंचाहत्तरी हाय, त्यांना सिगारची लै आवड. भाऊ म्हणतोय, पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहितो आन किंमत २० युरो टाकतो, कोण बघतंय? खरंच सुटतंय का असं?

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

भावा, दोन्ही गोष्टी करू नको. भावालाही आजच फोन करून सांग.

गिफ्टची सवलत होती ती जुनी गोष्ट. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची भेटवस्तू ड्युटीशिवाय सुटायची. डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने ती बंद केली. परदेशी साइट्स भारतातल्या गिऱ्हाइकांना हजारो पार्सलं ‘गिफ्ट’ म्हणून पाठवत होत्या, त्यामुळे. आता पोस्टाने किंवा कुरिअरने ड्युटीशिवाय येणाऱ्या भेटीत फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी राहिली. राखीसोबतची मिठाईसुद्धा त्यात बसत नाही. भेट म्हणून पाठवायला बंदी नाही, पण ड्युटी पूर्ण भरायची. म्हणजे पाकिटावर गिफ्ट लिहून एक रुपयाही वाचत नाही, उलट अधिकाऱ्याची नजर तिथेच थांबते.

२० युरोचं तर बोलूच नको. सिगारला गुंडाळलेल्या कागदी कड्यावर ब्रँडचं नाव असतं, त्याचा भाव अधिकारी मोबाइलवर काढतो. किंमत खोटी लिहिली की माल कस्टम्स कायद्याच्या कलम १११ खाली जप्तीला पात्र होतो आणि दंड वेगळा. तो दंड जर्मनीतल्या भावाला नाही, ज्याच्या नावावर पार्सल आलं त्याला बसतो. काकांचं नाव पत्त्यावर असेल तर नोटीस काकांच्या नावाने येईल. पंचाहत्तरीला ते नको.

साळोखेनगर

वरच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. मी एका युरोपियन दुकानातून सिगार मागवल्या. दुकानदाराने परस्पर एका कुरिअरकडे दिल्या आणि कागदावर ‘लाकडी शोभेची पेटी’ असं लिहिलं. मला न विचारता. कारण उघड आहे, बरेच आंतरराष्ट्रीय कुरिअरवाले तंबाखू घेतच नाहीत.

मुंबईत स्कॅनमध्ये पेटीच्या आत ओळीने लावलेल्या नळ्या दिसल्या. पेटी उघडली. मग मला पत्र आलं: मालाचं वर्णन आणि प्रत्यक्ष माल जुळत नाही, खुलासा करा. मी दुकानाचं मूळ बिल पाठवलं, त्यात सिगार असं स्वच्छ लिहिलं होतं. दुकानाबरोबरचे ईमेल पाठवले. माझ्यावर दंड आला नाही, पण माल गेला. दुकानदार म्हणतो आम्ही पाठवलं, आमची जबाबदारी संपली. आणि कुरिअरने गोदामात पडून राहिलेल्या दिवसांचं भाडं माझ्या नावावर लावलं, ते सोडवायला महिनोन्‌महिने भांडावं लागलं. आपण काहीही खोटं न लिहिता भुर्दंड आपल्यालाच, याचा राग अजून गेलेला नाही.

ऑर्डर देण्याआधी दुकानाला लेखी विचारा: पाठवणार कशाने, आणि फॉर्मवर लिहिणार काय. उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या.

शाहूपुरीतला वकील

साळोखेनगर, मूळ बिल आणि ईमेल जपून ठेवलेत हे फार योग्य केलंत, त्यानेच दंड टळला. इतरांसाठी कायद्याची बाजू सांगतो.

पार्सल अडलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. जप्तीआधी कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम १२४ नुसार कारणे दाखवा नोटीस आणि तुमचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. अनेक जण मला नोटीस नको असं लिहून सही करून मोकळे होतात. सही करण्याआधी वाचा. ज्या मालावर बंदी नाही तो दंड भरून सोडवून घ्यायचा पर्याय कलम १२५ देतं. आदेश मान्य नसेल तर आयुक्तांकडे (अपील) ६० दिवसांत जाता येतं. मात्र १०-१५ हजारांच्या मालासाठी वकिलाची फी आणि मुंबईच्या खेपा परवडतात का, याचा विचार ज्याने त्याने करावा. मी स्वतः पक्षकाराला सहसा नको म्हणतो.

आणखी एक तरतूद फार कमी लोकांना ठाऊक असते. ड्युटीचा आकडा ऐकून माल नकोसा झाला तर सोडवणुकीचा आदेश होण्याआधी मालावरचा हक्क सोडता येतो, कलम २३(२). मग ड्युटी भरावी लागत नाही. पण वर्णन किंवा किंमत खोटी निघाली असेल तर हे दार बंद. खरं लिहिण्याचा हा रोकडा फायदा आहे.

तंबाखूचा २००३ चा कायदा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, त्याचं कलम ७ विक्रीसाठी किंवा मोबदला घेऊन पुरवण्यासाठी आणलेल्या तंबाखूच्या पाकिटावर चित्रासह इशारा मागतं. २०१६ पासून तो पाकिटाच्या ८५ टक्के भागावर हवा. घरच्या वापरासाठी आणलेला एखादा बॉक्स या शब्दांत बसत नाही असा युक्तिवाद करता येतो, आणि मला तो बरोबर वाटतो. पण परदेशी बॉक्सवर आपला इशारा कधीच नसतो, त्यामुळे अधिकारी आधी अडवतो आणि युक्तिवाद नंतर होतो. तीन-चार बॉक्स एकदम आले तर ‘घरच्या वापरासाठी’ हे पटवणं कठीण.

ई-सिगारेट, व्हेप यांचा विचार डोक्यातून काढून टाका. २०१९ च्या कायद्याने त्यांची आयातच गुन्हा आहे. ड्युटी भरून सुटायचा प्रश्न येत नाही.

कागलची पोर

मी सिगार ओढत नाही, पण तंबाखूत वाढले. आजोळ निपाणीजवळ. घराच्या सोप्यात तंबाखूची बोदं रचलेली असायची, आत शिरलं की शिंकांवर शिंका. म्हणून हा धागा वाचताना राहवलं नाही.

१९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं होतं. पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल अजून आवाज खाली करून बोलतात. विडी वळणाऱ्या बायकांची बोटं मी जवळून बघितलीत. कात्रीने तेंदूचं पान कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. मान वर न करता, दिवसभर. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा आहे म्हणे: सिगार वळणाऱ्या कामगारांना एक जण मोठ्याने वर्तमानपत्रं वाचून दाखवतो, आणि सुरुवातीला त्याचा पगार कामगारच आपल्यात वर्गणी काढून द्यायचे. आमच्या बायकांना असं कुणी कधी वाचून दाखवलं नाही. ज्यांना हाताने वळलेल्या वस्तूची किंमत कळते, त्यांनी ही बाजूही जाणून घ्यावी एवढंच म्हणणं.

एक विचारते. एवढा तंबाखू आपल्याकडे पिकतो, तर सिगार इथेच का होत नाहीत?

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

ताई, मनापासून लिहिलंत, आभार. सिगार होतात की. तामिळनाडूत तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुलकडे ब्रिटिशांच्या काळापासून चिरूट वळतात, त्रिचीचे चिरूट तेव्हा विलायतेला जायचे. वरचं वेष्टणाचं पान उत्तर बंगालमध्ये दिनहाटाकडे पिकतं. निपाणीचा तंबाखू विडीच्या जातीचा, उन्हात वाळवलेला, कडक. सिगारचं पान सावलीत हवेवर वाळवून नंतर ढिगात महिनोन्‌महिने आंबवतात, जात आणि प्रक्रिया दोन्ही निराळी. ज्यांना फक्त चव बघायची आहे त्यांनी दक्षिणेतला देशी माल आधी बघावा असं मीही सांगतो. कस्टम्सची भानगडच नाही.

राजारामपुरी दवाखाना

मी दंतवैद्य आहे. इथे कुणाला उपदेश करायला आले नाही, पण ‘सिगारचा धूर आत घेत नाही, त्यामुळे काही होत नाही’ हे वाक्य मला खुर्चीत बसलेल्या पेशंटकडून सतत ऐकावं लागतं. ते चूक आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं, छातीत ओढायची गरजच पडत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग सिगारनेही होतो.

काकांची पंचाहत्तरी आहे, आवड आहे, मी समजू शकते. एक विनंती आहे. गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांतलं काही असेल तर बॉक्स येण्याआधी एकदा तोंड दाखवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

पन्हाळ्याचं धुकं

डॉक्टर, तुमचं म्हणणं शिरसावंद्य. साठवणुकीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण ड्युटी भरून सोडवलेला माल घरात येऊन वाया गेलेला मी पाहिलाय.

सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे मे महिन्यात ती कोरडी पडून सालपट फुटतं आणि जुलैत हवा इतकी ओली की बुरशी धरते. त्यातून टपालाचं पार्सल विमानाच्या पोटातून येतं, मुंबईच्या उकाड्यात पडून राहतं, कस्टम्सने उघडलं असेल तर आतली पिशवी फाटलेली असते आणि वर नुसती चिकटपट्टी मारलेली. हातात आल्याबरोबर ओढू नका. हवाबंद डब्यात ६५ किंवा ६९ टक्क्यांची ह्युमिडिटी पॅक (आर्द्रता राखणारी पुडी) टाकून काही आठवडे विसावू द्या.

आणि किडा. तंबाखूचा भुंगा म्हणतात तो. त्याची अंडी पानातच असतात आणि पारा २५ च्या आसपास गेला की फुटतात. कोल्हापुरात वर्षातला बराच काळ तेवढं तापमान असतंच. वेष्टणावर टाचणीच्या डोक्याएवढं गोल, कडा साफ असलेलं भोक दिसलं आणि बॉक्स उलटा करून आपटल्यावर बारीक तपकिरी भुकटी पडली, तर समजा किडा आहे. ती सिगार लगेच बाजूला काढा. उरलेल्या दुहेरी पिशवीत बंद करून एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन-चार दिवस डीप फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. एकदम बाहेर काढल्या तर साल तडकते. मी तर कुठूनही आलेला बॉक्स आधी हेच करून ठेवतो.

फुलेवाडी रिंगरोड

एका अमेरिकन साइटवर क्युबन सिगार निम्म्या भावात दिसतात. खऱ्या असतील का?

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

नाही. अमेरिकेने फेब्रुवारी १९६२ पासून क्युबाच्या मालावर बंदी घातली आहे आणि अमेरिकन दुकानाला क्युबन सिगार विकताच येत नाही. मध्यंतरी २०१५ मध्ये प्रवाशांना स्वतःपुरत्या आणायची मुभा मिळाली होती, ती २०२० मध्ये काढून घेतली. गोंधळ असा होतो की काही क्युबन ब्रँडची नावं अमेरिकेत दुसऱ्या कंपन्या वापरतात, माल डॉमिनिकन प्रजासत्ताकातला किंवा होंडुरासचा असतो. तो खोटा नाही, पण क्युबनही नाही. आणि जी साइट खरोखर ‘क्युबन, अमेरिकेतून’ म्हणते तिच्यापासून लांब राहा. खोट्या सिगारवरही ड्युटी खऱ्यासारखीच लागते.

कोल्हापूर ते दुबई

एवढं सगळं टपालाचं चाललंय, पण साधा मार्ग कुणी बोललंच नाही. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २५ सिगार ड्युटीशिवाय आणता येतात. १०० सिगारेट किंवा २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू, तिन्हींपैकी एक. क्युबन बॉक्स बहुतेक २५ चाच असतो, बरोबर मापात बसतो. मुंबईत उतरल्यावर ड्युटी फ्रीमध्ये घेतलेलंही याच मापात मोजतात, हे लक्षात असू द्या. जास्त आणलं तर विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गाने (ड्युटी लागणारा माल असणाऱ्यांचा) जाऊन स्वतःहून सांगायचं आणि ड्युटी भरायची. हिरव्या मार्गाने (ड्युटी लागणारं काही नसणाऱ्यांचा) गेलात आणि पकडलं तर जप्ती.

उत्तरेश्वराचा भावा

आवं मग सुटला की प्रश्न! मावसभाऊ आन वहिनी गणपतीला येणारच हायत. दोघं मिळून ५० आणू शकत्यात का? आन उजळाईवाडीला आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावर उतरलं तर तिथं पुन्हा तपासणी हुतीय का? डॉक्टर ताई, काकांना दाखवायला आणतो ह्याच आठवड्यात.

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

दोघांचे २५-२५ चालतात, पण प्रत्येकाने आपापल्या बॅगेत ठेवायचे. दोन्ही बॉक्स एकाच्या बॅगेत निघाले तर त्या एकाला ५० धरतात, दुसऱ्याचं माप त्याला जोडता येत नाही. दुकानाचं बिल दोघांनीही जवळ ठेवायचं, किंमत विचारली तर दाखवायला. बॉक्स फोडून सुट्या सिगार आणू नका, सीलबंद असू द्या, मोजणीला वाद राहत नाही. वहिनींना आधी विचार मात्र, त्यांनी २५ सिगारचा बॉक्स घेतला की त्यांना सिगारेट किंवा तंबाखूची वेगळी सूट उरत नाही.

उजळाईवाडीला आंतरराष्ट्रीय विमान येत नाही. कस्टम्स मुंबईत किंवा गोव्यात, जिथे ते भारतात पहिल्यांदा उतरतील तिथेच होईल. तिथून पुढे कोल्हापूरचं विमान देशांतर्गत. फक्त भावाला सांग, मुंबईत बॅगा बेल्टवरून स्वतः उचलून कस्टम्समधून बाहेर काढायच्या आणि मग पुढच्या विमानाला पुन्हा चेक-इन करायच्या, त्यासाठी मध्ये चार तास तरी राखून तिकीट काढ म्हणावं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईच्या रांगा फार मोठ्या असतात.